मामांची हिमनदी आणि माझा कुकर

रीडिंग

माझे पन्नासेक किल्ले झालेत, असं मी मुग्धाच्या मामांना आमच्या लग्नाच्या पंगतीत सांगितलं होतं. त्याचे परिणाम काही वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये भोगावे लागतील याची मला कल्पना नव्हती. किल्ले खरंच झाले होते. फक्त एक तपशील मी जिलबीबरोबर गिळला. त्यातल्या एकाही किल्ल्याची वाट मी शोधलेली नव्हती. आमच्या पुण्याच्या ग्रूपमध्ये वाट काढायचं काम बापूचं. बापू सगळ्यांच्या पुढे, हातात काठी घेऊन. मी सगळ्यांच्या मागे, पाठीवर कुकर घेऊन. आम्ही कुठल्या धारेने चढलो आणि कुठल्या घळीतून उतरलो, हे मला आजही सांगता येणार नाही. खिचडीत मीठ कमी होतं की जास्त, तेवढं सांगेन.

मामा इंग्लंडमध्ये लीड्सला राहतात. सत्तरच्या दशकात मुंबईहून आले, तिथल्या हॉस्पिटलात अनेस्थेटिस्ट म्हणून आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि निवृत्त झाल्यावर स्वतः झोपेनासे झाले. नवे नवे आले तेव्हा डॉक्टरांच्या मेसमध्ये एक कॅलेंडर लागलं होतं. त्यातल्या ऑगस्टच्या पानावर आल्प्समधली एक हिमनदी होती आणि तिच्या पलीकडे, खडकावर, गिर्यारोहकांना रात्री राहण्यासाठी बांधलेलं एक दगडी घर. अशा घराला तिकडे हट म्हणतात. मामांचा त्या पानावर जीव जडला. सप्टेंबर उजाडला तरी त्यांनी ते उलटू दिलं नाही म्हणे. ‘एकदा जायचं’ म्हणता म्हणता ऑन-कॉल ड्यूट्या, मुलांच्या शाळा आणि मॉर्गेज यांत तीस वर्षं गेली. आणि दोन हजार पाच साली उजव्या गुडघ्याने असहकार पुकारला.

शरदात नवा गुडघा बसवायचं ठरलं. सर्जन त्यांचाच जुना सहकारी. त्याने स्पष्ट सांगितलं, की नव्या गुडघ्याने सपाटीवर हवं तेवढं चाला, पण दगडधोंड्यांतली चढउतार विसरा. म्हणजे हिमनदी गाठायची तर याच ऑगस्टमध्ये, नाहीतर ती कॅलेंडरवरच राहणार.

मामांचा फोन आला. “नंदन, तू किल्लेवाला माणूस आहेस. रूट तू काढायचास. माझ्या राइट नीमध्ये एकच चढ शिल्लक आहे बघ. डोन्ट वेस्ट इट.”

“मामा, तुम्ही निर्धास्त राहा,” मी म्हणालो. हे वाक्य मी ऑफिसात क्लायंटलाही म्हणतो आणि तिथेही त्यानंतर काहीतरी बिघडतंच.

त्या दिवसापासून आमच्या रीडिंग गावातल्या सेमी-डिटॅच्ड घराच्या कार्पेटवर आल्प्स पसरले. मी नकाशे मागवले, लायब्ररीतून गाइडबुकं आणली, रंगीत पेन्सिली घेतल्या. संध्याकाळी ऑफिसातून परतताना लंडनच्या पॅडिंग्टनहून सुटणाऱ्या गाडीत उभ्या उभ्या समोच्चरेषा वाचायला लागलो. त्या खोऱ्यातली फ्रेंच नावं माझ्या जिभेवर बसेनात, म्हणून मी सगळ्याला आपली नावं दिली. एक सुळका झाला लिंगाणा, एक रुंद डोंगर झाला तोरणा, आणि जिथून जायचं ती खिंड झाली कात्रज. एकदा कात्रज म्हटलं की भीती संपतेच. खोऱ्याचं खरं नाव मी इथेही देत नाही. ते मी कसं उच्चारलं हे आठवून बस-ड्रायव्हर अजून हसत असेल.

मार्ग असा. गावातल्या कॅम्पसाइटवरून चढत जायचं, कात्रज ओलांडायचं, मग हिमनदीतून निघणारा ओढा पार करायचा, थोडं हिमनदीवरून चालायचं आणि हटमध्ये मुक्काम. सगळी कळ त्या ओढ्यात होती, कारण त्याच्यावर पूल नव्हता. पण ओढ्याच्या बाबतीत मला सल्ल्याची गरज वाटली नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला ओढा कुणी शिकवायचा? पाऊस आला की ओढा फुगतो, ऊन पडलं की उतरतो. बापूचा नियमच होता: आभाळ भरलं असेल तर ओढ्याला हात जोडायचे, निरभ्र असेल तर खुशाल पलीकडे जायचं. म्हणून मी ठरवलं, की हवामान लख्ख असेल तो दिवस धरायचा, आधी पोटोबा करायचा, दहाच्या सुमाराला आरामात निघायचं आणि भर उन्हात, म्हणजे अडीच-तीनला, घोटाभर पाण्यातून पलीकडे जायचं.

गाइडबुकांत पानोपानी ‘लवकर निघा’ असं लिहिलं होतं. मी ते मनावर घेतलं नाही. या देशात किटलीवरसुद्धा ‘सावधान, पाणी गरम असू शकते’ असं लिहितात.

“मी एकदा बघू का प्लॅन?” मुग्धा म्हणाली. ती एका विमा कंपनीत काम करते. कशात किती जोखीम आहे ते शोधून काढणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा.

“तू जेवणाचं बघ,” मी म्हणालो. एरवी घरात स्वयंपाक मीच करतो. त्यावर ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत राहिली ती मला तेव्हाच समजायला हवी होती.

यॉर्कशायर, सरावासाठी

जूनमध्ये आम्ही लीड्सला गेलो आणि मामांना सरावासाठी जवळच्या डेल्स नावाच्या डोंगराळ भागात नेलं. गाडीतून उतरलो तोच पावसाने गाठलं. मामांचं म्हणणं, यॉर्कशायरमध्ये याला पाऊस म्हणत नाहीत, ‘बिट डॅम्प’ म्हणतात. दोन कुरणं, तीन फाटकं आणि बऱ्याच मेंढ्या ओलांडून एका ओढ्याशी आलो तर तो तांबडालाल होऊन दुथडी वाहत होता.

“बघा,” मी हात उंचावून म्हणालो. “पाऊस पडला, ओढा फुगला. साधं गणित आहे.”

“व्हेरी गुड,” मामा म्हणाले. त्यांनी छत्रीच्या टोकाने पाण्याचा अंदाज घेतला आणि आम्ही मागे फिरून पबमध्ये जाऊन चिप्स खाल्ल्या. उतरताना मामा दर थोड्या वेळाने थांबत होते. फाटकाला धरून उभे राहत आणि नजारा बघतोय असं दाखवत. समोर नुसतं धुकं होतं. मी त्यांच्या मागेच होतो, त्यामुळे गुडघा किती दुखतोय ते मला दिसत होतं. एकच चढ, हे त्यांनी फोनवर थट्टेत म्हटलं नव्हतं.

मामींनी घरी गेल्यावर गरम पाण्याची पिशवी दिली आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, “नंदन, ह्यांना जमलं नाही तर नाही. पण अर्ध्यातून परत आणू नकोस रे. त्यापेक्षा नेऊच नकोस.”

मी मामींनाही सांगितलं, तुम्ही निर्धास्त राहा.

खोरं

हीथ्रोहून जिनिव्हा, मग आगगाडी आणि शेवटी वळणावळणाला गाण्यासारखा हॉर्न वाजवणारी पिवळी बस. मुग्धाच्या पर्समध्ये एका छोट्या डबीत विरजण होतं. विमानात दह्यावर अजून बंदी यायची होती. आल्प्सला निघालेल्या किती मोहिमांनी विरजण नेलं असेल मला माहीत नाही. माझ्या सॅकमध्ये कुकर, छोटी शेगडी, मूगडाळ, तांदूळ, ताडपत्री आणि प्रत्येकाची स्लीपिंग बॅग होती.

“हटमध्ये जेवण देतात, ब्लँकेट्स देतात. तू कुकर का घेतलायस?” मुग्धाने विचारलं.

“डोंगरात आपला शिधा आणि आपलं पांघरूण आपण न्यायचं,” मी म्हणालो. हा नियम मात्र माझा स्वतःचा होता, बापूचा नाही.

गाव म्हणजे उन्हाने काळ्या पडलेल्या लाकडी घरांची एक ओळ. धान्याची कोठारं खांबांवर उभी, आणि प्रत्येक खांबाच्या माथ्यावर जात्याच्या तळीसारखा एक गोल दगड, उंदीर वर चढू नये म्हणून. आमच्या आजोळी याच कामासाठी मांजर होतं. काळ्या, बुटक्या, रागीट गाई गळ्यात घंटा बांधून रस्त्याच्या मधून चालत होत्या आणि बस त्यांच्या मागून मुकाट्याने जात होती. हे बघून मला फार बरं वाटलं. खोऱ्याच्या टोकाला, अगदी वर, दोन डोंगरांच्या मध्ये पांढरं काहीतरी अडकलेलं दिसत होतं. मामा बसमधून उतरले आणि सामान न घेताच तिकडे बघत उभे राहिले. “दॅट्स इट,” एवढंच म्हणाले. त्यांची बॅग मी उचलली.

कॅम्पसाइट ओढ्याच्या काठावर होती. वर जो ओलांडायचा तोच हा, खाली उतरून आलेला. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं. शेजारच्या तंबूत बर्मिंगहॅमचं एक निवृत्त जोडपं होतं, केन आणि मॉरीन. ही दोघं पहाटे अंधारात उठून खुडबुड करत निघून जायची आणि आम्ही जेवायला बसायच्या सुमाराला परत येऊन खुर्च्यांवर चहा घेत बसायची. म्हातारपणी झोप कमी होते, असं मी मुग्धाला समजावून सांगितलं.

दुधाची चंगळ होती. मुग्धाने पहिल्याच रात्री विरजण लावलं आणि उबेसाठी डबा माझ्या स्लीपिंग बॅगमध्ये ठेवला. मी स्वेटर घालून बाहेर झोपलो. दही सुरेख लागलं. सकाळी तिने तो स्टीलचा डबा ओढ्यात, घोटाभर पाण्यात, दोन दगडांच्या बेचक्यात गार व्हायला ठेवला, आणि आम्ही दोघं जवळच्या तळ्यापर्यंत फिरून आलो. दिवसभर आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. संध्याकाळी बघतो तर डबा नाही. दगडही दिसेनात.

“गाईंनी खाल्लं,” मी म्हणालो.

“डब्यासकट?”

“मग तू नीट ठेवला नसशील.”

दुसऱ्या दिवशी दह्याचं पातेलं मी स्वतः ठेवलं. भोवती दगडांची गढी रचली, झाकणावर मोठा धोंडा ठेवला आणि मामांना बोलावून दाखवलं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. संध्याकाळी पातेलं, धोंडा, गढी, सगळंच गेलेलं. वर आभाळ निळंशार.

मी नकाशा उघडून विचार केला आणि निदान केलं: वर कुठेतरी धरण असणार, संध्याकाळी पाणी सोडत असतील. नकाशावर धरण नव्हतं. नकाशा जुना असेल, मी म्हणालो.

“नाचता येईना अंगण वाकडं,” मुग्धा म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने दही तंबूच्या सावलीत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं आणि विषय सोडून दिला.

मामा मात्र दोन्ही दिवस गुडघ्याला विश्रांती म्हणून जरा वरच्या अंगाला ओढ्याकाठी खुर्ची टाकून बसले होते. जन्मभर पेशंटच्या उशाशी बसून नाडी बघितलेला माणूस, त्याला नुसतं बसवत नाही. जेवताना म्हणाले, “नंदन, गंमत बघ. हा ओढा मॉर्निंगला नॉर्मल असतो. दुपारपासून चढायला लागतो, रात्री परत खाली. क्लासिक इव्हनिंग राइज, टीबीच्या तापासारखा! ह्याची चेस्ट तपासायला हवी.”

आम्ही खूप हसलो. मी सगळ्यांत जास्त हसलो.

तिसऱ्या दिवशी रात्री गावातल्या हॉटेलात गेलो. तिथे शेगडीपाशी चीजची अर्धी चकती वितळवून ती उकडलेल्या बटाट्यांवर खरवडून वाढतात. मी खिशातून लसणाच्या चटणीची पुडी काढून त्यावर भुरभुरली. मालकीणबाईंनी कुतूहलाने चमचाभर घेतली, डोळे पुसले, आणि मग स्वयंपाकघरातून नवऱ्याला बोलावून त्यालाही दिली. मामांनी तीन वेळा बटाटे मागितले. इतके खुशीत मी त्यांना लीड्समध्ये कधी बघितलं नव्हतं. “उद्या,” ते म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, “उद्या.”

कात्रजच्या पलीकडे

सकाळी पोहे झाले, दुसरा चहा झाला, आणि दहाला आम्ही निघालो. आभाळ धुतल्यासारखं. केन आणि मॉरीन त्या दिवशी विश्रांतीला होते. मी केनला आमचा मार्ग, आणि किती वाजता कुठे पोचणार ते नकाशावर बोटाने दाखवलं. त्याने घड्याळात बघितलं.

“वेल,” तो म्हणाला, “दॅट्स ए व्हेरी ब्रेव्ह प्लॅन.”

“ब्रेव्ह म्हणाला!” मी वाटेत दोनदा तरी सांगितलं. पाच वर्षं इंग्रजांबरोबर नोकरी करतोय. मीटिंगमध्ये कुणी ‘ब्रेव्ह’ म्हटलं की तो माणूस कामातून गेला असं समजायचं, हे मला पुरतं ठाऊक आहे. पण स्वतःची स्तुती ऐकताना कान वेगळे असतात.

चढ सुंदर होता. आधी पाइनचं रान, मग जांभळीची छोटी झुडपं, मग नुसतं गवत आणि दगड. मुग्धा पुढे, मधे मामा, मागे मी. मामा पाऊल टाकायचे, काठी टेकायचे, श्वास घ्यायचे. खिंडीच्या खाली पाऊण तास उभा घसारा होता, तो त्यांनी एक शब्दही न बोलता चढला. माथ्यावर पोचल्यावर गुडघा दाबत म्हणाले, “कात्रजला एवढी चढण नव्हती रे.” खाली ओढा चमकत होता, त्याच्या पलीकडे हिमनदी, आणि हिमनदीच्या पलीकडच्या खडकावर काडेपेटीएवढं दगडी घर. कॅलेंडरवरचं. मामांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत पुसला.

ओढा दिसण्याआधी ऐकू आला. जवळ गेलो तर घोटाभर पाण्याची आशा करून आलेल्या माझ्यासमोर मांडीभर पांढरं पाणी उसळत होतं, आणि त्यातून दगड गडगडत जात असल्याचा आवाज येत होता. या काठावर खुणेचा लाल रंग, त्या काठावर खुणेचा लाल रंग, आणि मधे पाय ठेवायला काही नाही. वर ऊन असं, की टोपी काढवत नव्हती.

“धरण,” मी म्हणालो.

“नंदन,” मुग्धा म्हणाली.

“एवढं नाहीये पाणी. बघतो मी.” मी बूट काढून गळ्यात अडकवले आणि उतरलो. बर्फाचं पाणी काय असतं ते पहिल्या पावलाला कळलं. दुसऱ्या पावलाला पाय जागेवर राहिला नाही. मुग्धाने सॅकचा पट्टा धरून मागे ओढलं म्हणून मी हे लिहितोय. माझी काठी गेली. आणि छातीवर लटकवलेला नकाशा, तीन महिने रंगवलेला, प्लॅस्टिकच्या पाकिटासकट डौलात तरंगत माझ्या डब्याच्या आणि पातेल्याच्या वाटेने गेला.

मी काठावर थरथरत बसलो. मुग्धा माझे पाय टॉवेलने चोळत होती आणि वर हिमनदीकडे बघत होती.

“नंदन, आपण फ्रीजर डीफ्रॉस्ट करतो तेव्हा दार उघडं ठेवलं की काय होतं?”

“पाणी होतं.”

“कधी?”

मी वर उन्हाकडे बघितलं.

“इथे रोज सकाळी दार उघडतं,” ती म्हणाली. “ऊन जितकं कडक, तितकं पाणी जास्त. आपला डबा वाहून गेला, तेव्हाही पाऊस नव्हता.”

“इव्हनिंग राइज,” मामा हळूच म्हणाले. “आय सॉ इट. दोन दिवस बघत होतो. हसलो नुसता.”

म्हणजे मी सगळ्या उन्हाळ्यातला सगळ्यात लख्ख दिवस आणि त्यातला सगळ्यात वाईट तास शोधून काढला होता. पावसाळ्यात असतो तर वाचलो असतो. मामांच्या गुडघ्यातला एकुलता एक चढ मी इथे, ओढ्याच्या अलीकडे, खर्च करून टाकला होता. समोर त्यांचं कॅलेंडर, मधे वीस पावलांचं पाणी. मामींचे शब्द आठवले आणि मला चक्क रडू आलं.

“मामा, मी तुम्हाला लग्नात म्हणालो होतो ना, की पन्नास किल्ले...”

“ठाऊक आहे रे,” मामा म्हणाले. ते एका दगडावर पाय लांब करून बसले होते. “तुझा तो बापू पंगतीत माझ्या दुसऱ्या बाजूला होता. तो म्हणाला, हा कधीच पुढे नसतो. पण हा मागे असला की मागचा कुणी हरवत नाही आणि कुणी उपाशी झोपत नाही.”

“मग रूट मला कशाला काढायला दिलात?”

“वेल, वाटलं, एवढं मागे मागे चालून थोडं शिकला असशील. दॅट वॉज ऑप्टिमिस्टिक.” मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, “मला पुढे पळणारा नकोच होता, नंदन. हा घेऊन चालायचं तर मागे कुणीतरी हवं होतं.”

मुग्धाने खिंडीच्या दिशेला थोडं चढून मोबाइलवर एक काडी सिग्नल मिळवला आणि हटला फोन लावला. तिकडच्या बाईंनी स्वच्छ सांगितलं, आता पाण्यात पाऊल टाकू नका, पहाटे या, सूप ठेवते. खाली उतरून उद्या परत चढणं मामांच्या गुडघ्याला शक्यच नव्हतं. थांबायचं तर इथेच. पाण्यापासून बऱ्याच उंचावर मेंढपाळांनी दगड रचून केलेला एक आडोसा होता. मी ताडपत्री बांधली, स्लीपिंग बॅगा पसरल्या, शेगडी पेटवली आणि कुकर चढवला. तीन शिट्ट्या झाल्या. त्या खोऱ्यात कुकरची शिट्टी बहुधा पहिल्यांदाच घुमली असेल, कारण समोरच्या कड्यावर मार्मोट नावाचा, खारीच्या जातीचा एक गुबगुबीत प्राणी उभा राहून लगेच तशीच शीळ घालायला लागला.

“कुकर का आणला, असं मी विचारलं होतं,” मुग्धा दुसऱ्यांदा खिचडी घेत म्हणाली.

“हो.”

“आय विथड्रॉ.”

थंडीबद्दल लिहीत नाही. मामा माझ्या आणि मुग्धाच्या मधे झोपले, आणि आयुष्यभर लोकांना झोपवणारा हा माणूस बऱ्याच दिवसांनी घोरत झोपला, एवढं पुरे.

उजाडायला लागलं तेव्हा जाग आली ती आवाज नसल्यामुळे. ओढा गप्प होता. खाली गेलो तर दगडांवर बर्फाचा पातळ पापुद्रा आणि मधून घोटाभर पाणी वाहतंय, गरीब गाईसारखं. मुग्धा पुढे झाली. दगड पायाने दाबून बघत, “हा घ्या, मामा. आता डावा,” असं म्हणत तिने त्यांना पलीकडे नेलं. मी मागून, पाठीवर कुकर घेऊन. मामांचे बूटसुद्धा भिजले नाहीत.

हिमनदी जवळून पांढरी नसते. काठाला तरी ती करडी, खडीने भरलेली होती, रीडिंगच्या कार पार्कच्या कोपऱ्यात फेब्रुवारीत उरलेल्या बर्फासारखी. मला वाटलं, मामा निराश होणार. त्यांनी हातमोजा काढला आणि बर्फावर तळवा ठेवला, पेशंटच्या कपाळावर ठेवतात तसा. बराच वेळ ठेवला. डोळ्यांतून पाणी येत होतं ते त्यांनी पुसलं नाही.

“ताप उतरलाय,” ते म्हणाले. “चला.”

हटमधलं सूप खारट होतं. मामांनी दोन वाट्या घेतल्या. त्या रात्री तिथेच राहिलो, आणि दुसऱ्या दिवशी ओढ्याला जाग येण्याआधी तो ओलांडून, मामांना पावलापावलाला धरत, कात्रजवरून सावकाश खाली आलो. केनने आम्हाला पाहून टोपी काढली.

लीड्स

नवा गुडघा बसल्यावर काही आठवड्यांनी आम्ही भेटायला गेलो, तेव्हा फिजिओथेरपीवाली मुलगी घरी आलेली होती. ती मामांना जिना चढायला सांगत होती, दुपारचे तीन वाजले होते, आणि मामा खुर्चीतून हलायला तयार नव्हते.

“नॉट इन द आफ्टरनून, लव्ह,” ते तिला लीड्सच्या बोलीत समजावत होते. “सकाळी ये. दुपारी पाणी चढतं.”

ती बिचारी मामींकडे बघायला लागली. मामी म्हणाल्या, यांचं असंच चाललंय, डोंगरावरून आल्यापासून. पण मला चहा देताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

फिजिओवाली गेल्यावर मामांनी लेक डिस्ट्रिक्टचा एक नकाशा पुढे ओढला. सर्जनने सपाटीची परवानगी दिलीच होती, त्यामुळे वसंतात तळ्याकाठून एक चक्कर मारायचा बेत होता. मी सवयीने हात पुढे केला. नकाशा माझ्या हातावरून मुग्धाकडे गेला.

“रूट हिचा,” मामा म्हणाले.

“आणि मी?”

“तू मागे. माझ्या मागे.” आणि मग, एखादं औषध लिहून द्यावं तसं, “कुकर घेऊन.”

परत येताना लीड्सच्या एका देशी दुकानात थांबून मी कुकरची नवी रिंग घेतली. जुनी त्या खोऱ्यात जरा सैल झाली होती.